प्राथमिक शाळेत शिकलेला जगाचा भूगोल आज आपल्याला किती येतो?

गोदाकाठ (पैठण)
प्राथमिक शाळेत आपण सर्वांनी सात खंड, पाच महासागर, मोठ्या नद्या, पर्वत आणि देशांच्या राजधान्या पाठ केल्या होत्या. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत नकाशा आराखडे रंगीत पेन्सिलींनी भरले होते आणि गुरुजींच्या छडीच्या टोकाखाली भिंतीवरच्या नकाशातला नाईल नदीचा उगमही शोधला होता. माझे मत असे आहे की, त्यातील नावे आपल्या तोंडात राहिली, पण ती ठिकाणे पृथ्वीवर एकमेकांच्या संदर्भात कोठे आहेत याचे भान मात्र उरलेले नाही. हे मत तपासून पाहण्यासाठी काही प्रश्न देत आहे. फोन बाजूला ठेवून आणि घरातील मुलांना न विचारता उत्तरे द्यावीत, ही विनंती.

खंड क्षेत्रफळाच्या उतरत्या क्रमाने सांगा. विषुववृत्त कोणकोणत्या खंडांतून जाते? ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्राझील आणि तुर्कस्तान यांच्या राजधान्या कोणत्या? पनामा कालव्यातून अटलांटिक महासागराकडून पॅसिफिककडे जाणारे जहाज कोणत्या दिशेने जाते? मराठवाड्यात सूर्य वर्षातून किती वेळा अगदी डोक्यावर येतो? आणि शेवटचा, माझा आवडता प्रश्न: मराठवाड्यातून नाकासमोर दक्षिणेला निघालो, भारताचा किनारा सोडला आणि समुद्रातून तसेच सरळ जात राहिलो, तर पहिली जमीन कोणती लागेल?

बालाघाटचा वारा
आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, युरोप, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया. विषुववृत्त आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या दोनच खंडांतून जाते. राजधान्या सिडनी, ओटावा, ब्राझिलिया आणि अंकारा. जहाज पश्चिमेला जाते. सूर्य एकदा डोक्यावर येतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर श्रीलंका, यात शंका घेण्यासारखे काय आहे?

झेडपीचे गुरुजी (परभणी)
वारेसाहेब, आपला आत्मविश्वास पूर्ण गुणांचा आहे, उत्तरे तितकी नाहीत.

अंटार्क्टिका युरोपपेक्षा मोठा खंड आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आहे आणि युरोपचे सुमारे १ कोटी. तेव्हा पाचवा क्रमांक अंटार्क्टिकाचा आणि सहावा युरोपचा. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. श्रीलंकेचे म्हणाल, तर ते बेट साधारण साडेएकोणऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या पुढे सुरू होते. आपला मराठवाडा पूर्वेला किनवटकडे फार तर अठ्ठ्याहत्तर अंशांच्या थोडा पुढे जातो. म्हणजे आपण सरळ दक्षिणेला गेलो तर श्रीलंका डाव्या हाताला राहून जाईल. पृथ्वीगोल समोर ठेवून पाहा. मोठी माणसेही भारताचे टोक आणि श्रीलंका एका रेषेत आहेत असे मानून चालतात.

बालाघाटचा वारा
मग मालदीव.

झेडपीचे गुरुजी (परभणी)
मालदीव त्र्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. तो उजव्या हाताला राहील.

सांजवेळ
मादागास्कर? माझ्या यजमानांचे म्हणणे ऑस्ट्रेलिया असे आहे. जेवणाच्या ताटावर त्यावरून बराच वाद झाला आणि भाजी गार झाली.

मोंढ्यातला माणूस (लातूर)
शेवटचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो, कारण धागाकर्त्यांच्या मूळ मताशीच मी सहमत नाही. ज्या ठिकाणांशी आपला व्यवहार नाही ती विसरली जातात. ज्यांच्याशी आहे ती कधीही विसरली जात नाहीत, मग शाळा चौथीत सुटलेली असो.

आमच्या मोंढ्यात तुरीचे सौदे होतात. तिथे ‘लेमन’ म्हटले की म्यानमारची तूर, ‘मटवारा’ म्हटले की टांझानियाची आणि ‘गजरी’ म्हटले की मोझांबिकची, हे आडतीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला, तेव्हापासून तिकडचा पाऊस कसा आहे याची चौकशी इकडे डाळ मिलचे मालक करतात. ज्यांना आफ्रिकेचा पूर्व किनारा शाळेत कधी नीट काढता आला नाही, ते आज त्या किनाऱ्यावरची बंदरे ओळीने सांगतात.

सोयाबीनचेही तसेच आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे वाक्य आम्ही सर्वांनी परीक्षेत लिहिले आणि विसरलो. पण आपले सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते आणि ब्राझीलचे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, त्यानंतर अर्जेंटिनाचे. त्यामुळे शेतकऱ्याने भाव वाढेल म्हणून माल घरात ठेवला, तर ऐन उन्हाळ्यात दक्षिण अमेरिकेचा माल जगाच्या बाजारात उतरलेला असतो. त्या एका वाक्याची किंमत क्विंटलमागे मोजावी लागते. अर्जेंटिनातला पंपास हा गवताळ प्रदेश आम्ही स्टेप, प्रेअरी, व्हेल्ड आणि डाउन्स यांच्याबरोबर घोकला होता. तिथे आज गवतापेक्षा सोयाबीन किती आहे, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही तो धडा अधिक लक्ष देऊन वाचला असता.

काळी कसदार
मोंढ्यातल्या माणसाशी पूर्ण सहमत. माझ्या आईचे शिक्षण दुसरीपर्यंत झाले आहे. तिला रेखावृत्त म्हणजे काय ते विचारले तर ती हसेल. पण धाकटा भाऊ सौदी अरेबियात कामाला असल्याने तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की त्याची सातची सुट्टी होते, हे ती झोपेतही सांगेल. इथल्या किती पदवीधरांना सौदीशी आपला वेळेचा फरक न बघता सांगता येईल?

पुणेकर झालेला बीडकर
एक वेगळा मुद्दा मांडतो. कोणाला राग येणार नाही अशी आशा आहे. राजधान्या आणि नद्यांची लांबी हे आता कोणत्याही फोनवर क्षणात मिळते, तेव्हा मुलांना ते पाठ करायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. माझ्या मुलीला जगातील सर्वांत लांब नदी विचारली तर ती म्हणते, ‘बाबा, बघून सांगू का?’ आणि बघून बरोबर सांगते. मुलांचा तो वेळ हवामान समजून घेण्यात जावा.

झेडपीचे गुरुजी (परभणी)
बीडकर, राग मुळीच नाही, पण बघायचे काय हे ठरवण्यासाठीही डोक्यात आधी एक नकाशा असावा लागतो. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले झाले की खतांचे आणि तेलाचे भाव का हलतात, हे कळण्यासाठी बाब-अल-मंदेब ही सामुद्रधुनी आणि सुएझ कालवा एकाच वाटेच्या दोन टोकांना आहेत, हे माहीत असावे लागते. ज्याला ते माहीत नाही, त्याला फोनमध्ये तसा प्रश्नच सुचणार नाही. आणि हवामान समजून घ्यायचे तर अक्षवृत्तांशिवाय ते कसे शिकवणार?

नद्यांच्या लांबीपुरते आपले म्हणणे मात्र मान्य आहे. नाईल ६,६५० किलोमीटर आणि ॲमेझॉन सुमारे ६,४०० हे आकडे घोकून घेण्यापेक्षा, नाईलपेक्षा आखूड असूनही ॲमेझॉन समुद्रात कितीतरी पटींनी अधिक पाणी का नेते, हा प्रश्न वर्गात अधिक चांगला चालतो. मुले लगेच पावसावर येतात, विषुववृत्तावर येतात, आणि मग आपोआप सहारातून वाहणाऱ्या नदीकडे वळतात. मराठवाड्यातल्या मुलांना नदीत पाणी नसण्याचे कारण शोधायला फारसे शिकवावे लागत नाही.

सांजवेळ
विषुववृत्ताचा निकाल कोणी लावेल का? दोन खंड की तीन?

नकाशावेडा
तीन. आशियाच्या मुख्य भूमीला विषुववृत्त स्पर्श करत नाही, सिंगापूरही त्याच्या थोडे उत्तरेलाच राहते. पण सुमात्रा, बोर्निओ आणि सुलावेसी ही इंडोनेशियाची मोठी बेटे त्यावर आहेत आणि ती आशियात मोजली जातात. वारेसाहेबांना अर्धा गुण द्यायला हरकत नाही.

बालाघाटचा वारा
अर्धा गुण स्वीकारला आहे. पुरवणी जोडून फेरतपासणीचा अर्ज करण्याचा अधिकार राखून ठेवतो.

नकाशावेडा
या धाग्यात अजून कोणी न उपस्थित केलेली एक गोष्ट सांगतो. आपल्या डोक्यातला जगाचा नकाशा हा पृथ्वीचा नसून भिंतीवरच्या नकाशाचा आहे, आणि अनेक शाळांत तो मर्केटर पद्धतीचा किंवा तिच्या जवळचा असे. मर्केटर यांनी १५६९ मध्ये तो दर्यावर्दींसाठी काढला. त्यावर होकायंत्राची एक दिशा धरून जाणारा मार्ग सरळ रेषेने दाखवता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पण त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे करावे लागतात. जालन्याच्या मोसंबीची साल न फाडता टेबलावर सपाट पसरून पाहावी, म्हणजे अडचण कोठे आहे ते कळेल.

परिणाम असा की, त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरची आणि ग्रीनलंड सुमारे २१ लाख ६६ हजारांचे आहे, म्हणजे चौदा पटींचा फरक. आपला भारत ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि तो ग्रीनलंडच्या दीडपट होतो. हे मी माझ्या भाच्याला सांगितले तेव्हा त्याने माझ्यावर विश्वास न ठेवता आपल्या शिक्षकांना विचारले, आणि मला ते फार आवडले. खंडांच्या क्रमात युरोप अंटार्क्टिकाच्या वर जाण्याचेही एक कारण मला हेच वाटते. बहुतेक भिंतींवर अंटार्क्टिका खालच्या काठीत गुंडाळलेलाच असतो.

अभ्यासिका, तिसरा मजला (छत्रपती संभाजीनगर)
मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आमच्या अभ्यासिकेत हे प्रश्न फळ्यावर लिहिले. सामुद्रधुन्या सर्वांना तोंडपाठ होत्या, मलाक्का कोणाला जोडते आणि होर्मुझ कोणाला, हे विचारण्याआधीच उत्तरे आली. मात्र तुर्कस्तानची राजधानी म्हणून बहुतेकांनी इस्तंबूल सांगितले. एकाने ब्राझीलसाठी रिओ सांगून त्याचा हिरिरीने बचावही केला.

यावरून मला वाटते की, देशातील सर्वांत प्रसिद्ध शहर तीच राजधानी असे मन गृहीत धरते. कॅनडाचे टोरांटो, ऑस्ट्रेलियाचे सिडनी, न्यूझीलंडचे ऑकलंड, स्वित्झर्लंडचे झुरिक, नायजेरियाचे लागोस, ही सारी उत्तरे त्याच वाटेने चुकतात.

मोंढ्यातला माणूस (लातूर)
कॅनबेराची कथा आपल्या लोकांनी अवश्य वाचावी. सिडनी आणि मेलबर्न यांच्यापैकी कोणीच माघार घेईना, तेव्हा १९०८ मध्ये दोघांच्या मधली जागा निवडली गेली, तिथे नवे शहर वसवले आणि १९२७ मध्ये संसद तिकडे नेली. आपल्याकडे लातूर की नांदेड या आयुक्तालयाच्या वादात कोणी ऑस्ट्रेलियाचा भूगोल वाचलेला असता, तर आज अहमदपूरला जमिनीचे भाव पाहण्यासारखे झाले असते.

गोदावरीच्या पल्याड (नांदेड)
अहमदपूर लातूर जिल्ह्यात आहे. मध्यावरची जागा लोहा येथे निघते. कृपया नोंद घ्यावी.

गोदाकाठ (पैठण)
धागा आयुक्तालयाकडे नेऊ नये, ही हात जोडून विनंती.

जुना विद्यार्थी (हिंगोली)
मी ऐंशीच्या घरात आहे आणि हा धागा मुलाकडून वाचून घेतो आहे. उत्तरही त्याच्याकडूनच लिहवून घेत आहे. माझ्या वडिलांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले. त्यांनी पाहिलेल्या नकाशात आपला सारा मुलूख हैदराबाद संस्थानाच्या रंगात होता. सप्टेंबर १९४८ नंतर तो नकाशा निरुपयोगी झाला. मी शाळेत होतो तेव्हा आफ्रिकेच्या नकाशात दोन-तीन रंगच पुरत असत, कारण बहुतेक भाग ब्रिटिशांचा किंवा फ्रेंचांचा. १९६० या एकाच वर्षात तिथे सतरा देश स्वतंत्र झाले आणि आम्हाला शिकवलेला आफ्रिका खंड सातवी संपायच्या आत जुना झाला.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडून पंधरा देश झाले, तरी एका शाळेच्या भिंतीवर तो नंतर कितीतरी वर्षे अखंड होता, कारण नव्या नकाशासाठी पैसे मंजूर होत नव्हते. अपर व्होल्टाचे १९८४ मध्ये बुर्किना फासो झाले, झाईरेचे १९९७ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताक, स्वाझीलंडचे २०१८ मध्ये एस्वातिनी. २०११ मध्ये दक्षिण सुदान आला आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ झाले. एव्हरेस्टची उंची आम्ही ८,८४८ मीटर शिकवत आलो, २०२० मध्ये ती ८,८४८.८६ अशी जाहीर झाली. त्यामुळे प्राथमिक शाळेतील ज्ञान तपासताना ज्याची चाचणी घ्यायची तो माणूस कोणत्या वर्षी सातवी उत्तीर्ण झाला, हे आधी विचारावे. माझ्या पिढीला चार महासागर शिकवले होते. पाचवा, दक्षिण महासागर, आमच्या नातवंडांच्या पुस्तकातून घरात आला.

काळी कसदार
काका, नकाशे जुने होण्याचा अनुभव घेण्यासाठी मराठवाड्याच्या माणसाला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. आमच्या आठ जिल्ह्यांपैकी दोघांची नावे मुलाच्या पुस्तकात एक आणि माझ्या गुणपत्रिकेवर दुसरी आहेत.

झेडपीचे गुरुजी (परभणी)
आता सूर्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो कोणी हाती घेतलेला दिसत नाही.

कर्कवृत्त साडेतेवीस अंश उत्तरेला आहे. ते भारतातील आठ राज्यांतून जाते, महाराष्ट्रातून जात नाही. संपूर्ण मराठवाडा त्याच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा वर्षातून दोनदा आपल्या अगदी माथ्यावर येतो. त्या दिवशी मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. धाराशिवकडे हा दिवस मेच्या बारा-तेरा तारखेच्या सुमारास आणि छत्रपती संभाजीनगरकडे एकोणीस-वीसच्या सुमारास येतो, कारण सूर्य दक्षिणेकडून सरकत येत असतो. परतीचा दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पडतो.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही मुलांना त्याच वेळी दाखवता येते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे लागतात. छत्रपती संभाजीनगर त्या रेषेच्या सव्वासात अंश पश्चिमेला असल्याने तिथला मध्यान्ह जवळजवळ अर्धा तास उशिरा होतो. मे महिन्यात तो साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान येतो.

अडचण एकच आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैअखेरीस आभाळ भरलेले असते. भूगोलाचा इतका सोपा प्रयोग वर्षातून दोनदा अंगणात येतो, आणि वर्गाला एकदाही दिसत नाही.

बालाघाटचा वारा
गुरुजी, आमच्या बीड जिल्ह्यात जुलैअखेरीस आभाळ स्वच्छ मिळण्याची शक्यता बरीच चांगली असते. मुले पाठवून द्यावीत.

पुणेकर झालेला बीडकर
गुरुजी, हे मात्र मला फोनने कधी सांगितले नव्हते. मुलीला मेमध्ये गावी आणतो, अंगणात काठी रोवून ठेवा.

नकाशावेडा
पनामाचे उत्तर राहिले आहे. नकाशावर अटलांटिक उजवीकडे आणि पॅसिफिक डावीकडे असल्याने जहाज पश्चिमेला जाणार असे वाटते. पण पनामाची संयोगभूमी त्या ठिकाणी आडवी पडून वळलेली आहे. कालव्याचे अटलांटिककडचे टोक कोलोन शहराजवळ वायव्येला आणि पॅसिफिककडचे टोक पनामा सिटीजवळ आग्नेयेला आहे. म्हणून १९१४ मध्ये सुरू झालेल्या या कालव्यातून पॅसिफिककडे निघालेले जहाज आग्नेयेला जाते आणि निघाले त्यापेक्षा अधिक पूर्वेला बाहेर पडते.

आता दक्षिणेचा प्रवास. तुळजापूर साधारण शहात्तर अंश पूर्व रेखांशाच्या जरासे पुढे आहे. तिथून सरळ दक्षिणेला गेलो तर कर्नाटक ओलांडून केरळात त्रिशूरकडच्या किनाऱ्यावर समुद्र लागतो. पुढे मालदीव पश्चिमेला, श्रीलंका पूर्वेला. विषुववृत्त पार केल्यावर फ्रान्सची कर्गेलेन बेटे सत्तर अंशांच्या आसपासच संपतात आणि ऑस्ट्रेलियाचे हर्ड बेट चौऱ्याहत्तर अंशांच्या अलीकडे राहते, म्हणजे तीही वाटेत येत नाहीत. थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी आहे. तिथे ज्या भागात आपण पोहोचतो त्याला लार्समन टेकड्या म्हणतात, आणि भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र २०१२ पासून तिथेच सुरू आहे. केंद्राचा रेखांश ७६ अंश ११ मिनिटे पूर्व आहे. तुळजापूरहून सुमारे ९,७०० किलोमीटर सरळ दक्षिणेला गेल्यावर पुन्हा तिरंगाच दिसतो.

सांजवेळ
हे यजमानांना वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘पण ते मैत्री केंद्र ना?’ वाद आता नव्याने सुरू आहे.

नकाशावेडा
मैत्री अंटार्क्टिकावरच आहे, पण बारा अंश पूर्व रेखांशाच्या जवळ. तिथून उत्तरेला निघाल्यास मराठवाडा नव्हे, आफ्रिका लागेल.

गोदावरीच्या पल्याड (नांदेड)
सर्व मराठवाड्याला एकच उत्तर लागू करण्यास आमच्या देगलूर तालुक्याची हरकत आहे. देगलूर साडेसत्याहत्तर अंशांच्या थोडे पुढे आहे. तिथून सरळ खाली आलो तर कन्याकुमारीच्या जवळून समुद्रात उतरतो, आणि त्याच रेखांशावर हिंदी महासागरात सदतीस-अडतीस अंश दक्षिणेला फ्रान्सचे ॲमस्टरडॅम नावाचे छोटे बेट आहे, जेमतेम पंचावन्न चौरस किलोमीटरचे. रेषा बरोबर धरली तर पहिली जमीन तीच. आमच्या वर्गात कोणी उत्तरात ॲमस्टरडॅम लिहिले असते, तर त्याला बाकावर उभे केले असते.

गोदाकाठ (पैठण)
देगलूरची हरकत तपासली आणि ती मंजूर करीत आहे. मला भारती केंद्राचेच उत्तर अपेक्षित होते. ॲमस्टरडॅम बेट प्रश्न तयार करताना विचारात घेतले नव्हते.

अभ्यासिका, तिसरा मजला (छत्रपती संभाजीनगर)
आमच्या शहरातून सरळ पश्चिमेला निघाल्यास काय लागेल? फळ्यावर सध्या येमेन आणि ओमान असे दोन पक्ष पडले आहेत.

नकाशावेडा
ओमान. वीस अंशांच्या किंचित खाली, दुक्म बंदराच्या जवळपास.

मोंढ्यातला माणूस (लातूर)
आणि नांदेडहून सरळ पूर्वेला?

झेडपीचे गुरुजी (परभणी)
ओडिशा-आंध्रच्या सीमेजवळ बंगालच्या उपसागरात उतरायचे आणि पलीकडे म्यानमारला लागायचे.

मोंढ्यातला माणूस (लातूर)
म्हणजे लेमन तूर. नांदेडच्या आडत्यांना हे कळू देऊ नका.